टिकणं वेगळं, निर्धोक असणं वेगळं

सोलापूरला आलेला पाहुणा परतताना पिशवीत दोन गोष्टी हमखास भरतो: चादर आणि शेंगा चटणी. चादरीचा रंग पक्का आहे का, एवढंच तो विचारतो. चटणी घेताना मात्र त्याचा प्रश्न ठरलेला असतो, ‘किती दिवस टिकेल?’ ‘आरामात टिकते, महिना-दोन महिने काही होत नाही,’ असं उत्तर मिळतं, पुडकं पिशवीत जातं आणि सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला किंवा विमानाने त्याहून लांब पोचतं. या साध्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. चटणीची चव किती दिवस चांगली राहील हा पहिला, आणि ती खाणं किती निर्धोक आहे हा दुसरा. आपण दोन्हींचं उत्तर एकाच रीतीने काढतो: बरणी उघडायची आणि वास घ्यायचा. खवट वास आला तर ‘खराब झाली’, नाही आला तर ‘चांगली आहे’. पहिल्या प्रश्नापुरती ही परीक्षा उत्तम आहे. दुसऱ्या प्रश्नाला ती लागूच पडत नाही. शेंगदाण्याच्या पदार्थात ज्याला वास येतो ते सहसा घातक नसतं आणि जे घातक असतं त्याला वास नसतो. चवीचा प्रश्न बरणीत सुटतो. निर्धोकपणाचा प्रश्न मात्र बहुतांशी दाणा बरणीपर्यंत पोचण्याआधीच, शेतात, खळ्यावर आणि निवडताना सुटलेला किंवा बिघडलेला असतो. त्यामुळे साठवणीची चर्चा बरणीच्या झाकणापासून सुरू करून भागत नाही.

आधी ही चटणी मुळात टिकते का, ते पाहू. शेंगदाण्यात साधारण निम्मं तेल आणि पाव हिस्सा प्रथिनं असतात. भाजल्यावर त्यातलं पाणी एक-दोन टक्क्यांपर्यंत उतरतं. त्यात लाल तिखट, मीठ, जिरं आणि लसूण घालून उखळात कुटलं की दाण्याच्या पेशी चिरडतात, तेल बाहेर येतं आणि भुकटीऐवजी तेलाने माखलेला ओलसर दिसणारा गोळा तयार होतो. हा ओलसरपणा तेलाचा असतो, पाण्याचा नव्हे, आणि चटणीचं सगळं टिकाऊपण या फरकात आहे. जिवाणू आणि बुरशी यांना वाढायला तेल पुरत नाही, पाणी लागतं; तेही मीठ-साखरेने धरून न ठेवलेलं, मोकळं पाणी. कमी पावसाच्या या जिल्ह्याच्या खाण्यात हे तत्त्व जागोजागी दिसतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी वाळवून कडक केली की ती महिनोनमहिने राहते, आणि तिच्याबरोबर खायची चटणीही कोरडीच. प्रवासाच्या शिदोरीत ही जोडी शोभते, कारण दोन्हींतून पाणी काढून टाकलेलं असतं. परदेशी पीनट बटरही याच तत्त्वावर टिकतं. त्यात पाण्याचा अंश इतका कमी असतो की जिवाणू किंवा बुरशी वाढायला वावच राहत नाही, म्हणून तो डबा दुकानाच्या फळीवर शीतकपाटाशिवाय उभा असतो.

पण पाणी नाही म्हणजे बिघाड नाही, असं होत नाही. तेलाला हवेतला प्राणवायू लागतो आणि तो तेलातल्या स्निग्धाम्लांना धरतो. शेंगदाणा तेलात मुख्यतः दोन स्निग्धाम्लं असतात, ओलिक आणि लिनोलिक. यांतलं लिनोलिक ओलिकपेक्षा सुमारे दहापट वेगाने प्राणवायूला बळी पडतं. सुरुवातीचे काही दिवस किंवा आठवडे फरक जाणवत नाही, कारण दाण्यातलं ई जीवनसत्त्व आघात झेलत असतं. ते संपत आलं की क्रिया एकदम वेग घेते आणि जुन्या रंगासारखा, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. हाच खवटपणा. ‘परवापर्यंत चांगली होती, आज एकदम वास मारतेय’ असं घरोघरी म्हटलं जातं त्याचं कारण हेच. यातून साठवणीचा एक क्रम निघतो. शेंग सर्वांत जास्त टिकते, कारण टरफल आणि साल दोन्ही शाबूत असतात. त्याखालोखाल कच्चा दाणा. भाजलेला दाणा त्याहून कमी, आणि कूट किंवा चटणी सर्वांत कमी. अख्ख्या दाण्यातलं तेल सूक्ष्म थेंबांच्या रूपात प्रथिनांच्या आवरणात बंद असतं. कुटल्यावर ते आवरण फुटतं आणि हवेला भिडणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. चटणीला चव देणारी क्रिया आणि तिचं आयुष्य घटवणारी क्रिया एकच आहे.

यात वाणाचाही हात असतो. आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर लावल्या जाणाऱ्या उपट्या वाणांच्या तेलात पसऱ्या आणि निमपसऱ्या वाणांच्या तुलनेत लिनोलिकचा वाटा सहसा जास्त असतो, म्हणजे ते लवकर खवट होतात. जुनागढच्या भुईमूग संशोधन संस्थेने हैदराबादजवळच्या इक्रिसॅटबरोबर तयार केलेले ‘गिरनार ४’ आणि ‘गिरनार ५’ हे वाण २०२० मध्ये आले. त्यांच्या तेलात ओलिकचं प्रमाण ७५ टक्क्यांच्या वर जातं आणि साहजिकच त्या दाण्यांपासून केलेले पदार्थ कितीतरी जास्त टिकतात. वाणाइतकाच परिणाम तापमानाचा. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. सोलापुरात वैशाखात पारा ४० अंशांच्या वर असतो आणि पत्र्याच्या घरात, गॅसजवळच्या फळीवर किंवा उन्हात उभ्या गाडीत तो आणखी चढतो. पौषात गड्ड्याच्या जत्रेत घेतलेली चटणी जितके दिवस चांगली राहते तितके दिवस मे महिन्यात घेतलेली राहणार नाही, हे उघड आहे. तरीही दोन्ही पुडक्यांवर मुदत तीच छापलेली असते.

हा प्रश्न उद्योगाने कसा सोडवला, तेही पाहण्यासारखं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पीनट बटर विकलं जाई तेव्हा तेल वर तरंगे, खाली घट्ट गोळा बसे, आणि वरचं तेल लवकर खवट होई. त्यामुळे माल लांब पाठवता येत नसे. जोसेफ रोझफील्ड यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला थोडी हायड्रोजनयुक्त चरबी मिसळून तेल धरून ठेवायची रीत काढली आणि तिचं पेटंट घेतलं. तिथून हा पदार्थ देशभर जाऊ लागला. आज त्यात हवाबंद डबा, काही ठिकाणी नायट्रोजन भरणं, आणि प्राणवायूरोधक द्रव्यं यांची भर पडली आहे. एवढं करूनही अमेरिकी कृषी खात्याचा सल्ला असा की डबा उघडल्यावर तो फळीवर दोन-तीन महिने ठेवावा, पुढे शीतकपाटात. चरबी न मिसळलेलं, फक्त दाणे वाटून केलेलं ‘नॅचरल’ पीनट बटर हल्ली व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांमुळे मराठी घरांत शिरलं आहे. ते याहून लवकर बिघडतं आणि उघडल्यापासून शीतकपाटातच राहिलेलं बरं. मुद्दा असा की या सगळ्या युक्त्या खवटपणाविरुद्ध आहेत. त्या चव वाचवतात. विषाविरुद्ध त्यांतली एकही काम करत नाही.

सोलापुरी चटणीचं गणित पीनट बटरपेक्षा एका गोष्टीने वेगळं होतं, ती म्हणजे लसूण. ताज्या लसणात ६० टक्क्यांहून अधिक पाणी असतं. एक किलो भाजलेल्या दाण्यांत १०० ग्रॅम लसूण पडला असं धरा. दाण्यातलं पाणी सुमारे २० ग्रॅम आणि लसणाचं ६० ते ६५ ग्रॅम, मिळून ८० ग्रॅमच्या आसपास. तिखट-मिठासह एकूण वजन सव्वा किलोच्या जवळ, म्हणजे पाणी ६-७ टक्के. हा आकडा बिनधोक वाटतो. पण तेल पाणी धरत नाही. जवळपास अर्धा किलो तेल बाजूला काढलं, तर तेच ८० ग्रॅम पाणी उरलेल्या कोरड्या भागात १२ ते १३ टक्के भरतं. धान्य साठवताना शेतकरी ज्या ओलाव्यावर थांबतो तो आकडाही साधारण याच्याच आसपासचा. लसूण दुप्पट घातला की हा आकडा २० टक्क्यांच्या पुढे जातो आणि बुरशीला दार उघडतं. हिशेब ढोबळ आहे, मिठामुळे थोडं पाणी बांधलंही जातं, पण दिशा स्पष्ट आहे. चटणी काठावर उभी असते. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की ती काठाच्या आत राहते आणि मरते ती खवटपणाने. आषाढ-श्रावणात हवेतला ओलावा वाढला, किंवा पुडकं सोलापुराहून मुंबई-कोकणात गेलं, की तीच चटणी दमट होऊन काठाबाहेर जाते. या जिल्ह्यात चटणीला दोन ऋतूंत दोन वेगळे शत्रू आहेत, आणि एकाच सल्ल्याने दोन्हींचा बंदोबस्त होत नाही. लसूण सोलून सावलीत सुकवणं किंवा कोरडा परतून घेणं ही पावसाळ्यातली चांगली तोड आहे.

याच कारणाने पाणी घालून वाटलेली शेंगदाण्याची चटणी या चर्चेत वेगळी काढायला हवी. इडली-डोशाबरोबरची ओली चटणी किंवा उपासाची आमटी ही शिजवलेल्या भाजीइतकीच नाशवंत आहे. ती दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये आणि शीतकपाटात एक-दोन दिवसांत संपवावी. कोरड्या चटणीत तेल जास्त घालून आणि लसणाच्या अख्ख्या पाकळ्या बुडवून ‘टिकाऊ’ करण्याचा प्रयोगही टाळावा. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हॅंकूव्हर शहरात एका उपाहारगृहात तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे बोट्युलिझमची विषबाधा झाली आणि ३६ जण आजारी पडले. ती बाटली शीतकपाटात ठेवलेली नव्हती. तेलाखाली प्राणवायू पोचत नाही, लसणात पाणी असतं, आणि बोट्युलिझम घडवणाऱ्या जिवाणूला या दोन्ही गोष्टी हव्या असतात. नीट कुटलेल्या कोरड्या, खारट चटणीत त्याला पुरेल इतकं मोकळं पाणी नसतं, म्हणून ती या बाबतीत सुरक्षित आहे. पण हे सुरक्षितपण तिला कोरडेपणाने दिलेलं आहे, तेलाने नव्हे.

आता वास नसलेल्या शत्रूकडे येऊ. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण शोधता शोधता माग आयात केलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत गेला आणि तिच्यावर वाढलेल्या अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचं विष सापडलं. त्याला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळालं. माणसांवरचा त्याचा घाला आपल्या शेजारीच दिसला. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाल्ल्याने ३९७ लोक आजारी पडले आणि १०६ मृत्युमुखी पडले. इतकी मोठी मात्रा क्वचित पोटात जाते. थोड्या मात्रेत, वर्षानुवर्षं गेलं तर हे विष यकृताचा कर्करोग घडवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, आणि हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू शरीरात असलेल्यांना त्याचा धोका सुमारे ३० पट मानला जातो. भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार थेट खाण्याच्या दाण्यांत किलोमागे १० मायक्रोग्रॅम आणि पुढे प्रक्रिया करायच्या दाण्यांत १५ मायक्रोग्रॅम इतकीच मर्यादा आहे. युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी ती अवघी ४ आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा मात्रेला चव नसते, रंग नसतो, वास नसतो.

हे विष बरणीत क्वचितच तयार होतं. कोरडी चटणी कोरडीच राहिली तर तिच्यात नवं विष तयार होण्याइतकं पाणीच नसतं. ते येतं दाण्याबरोबर. पीक काढणीला आलेलं असताना शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पावसाने ताण दिला आणि माती तापली की शेंग जमिनीत असतानाच बुरशी आत शिरते. पावसाची अशी दांडी या अवर्षणप्रवण पट्ट्याला नवी नाही. काढणीनंतर दुसरा धोका वाळवणीत. खरिपाच्या शेंगा परतीच्या पावसात सापडतात आणि उन्हाळी भुईमूग वळवात भिजतो. दाण्यातला ओलावा आठ टक्क्यांच्या आसपास उतरला, शेंग कानाशी हलवली की दाणा खुळखुळला, तर ती साठवायला योग्य. अर्धवट वाळलेल्या शेंगांची थप्पी लावली की पोत्याच्या मध्यभागी ऊब धरते आणि बुरशीला हवं ते सारं मिळतं. सोलताना टरफल मऊ पडावं म्हणून शेंगांवर पाणी मारण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तीही याच संकटाला आवतण देते. तिसरा टप्पा निवडण्याचा, आणि घरातल्या माणसाच्या हातात असलेला हाच सर्वांत मोठा उपाय आहे. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. थोड्याच दाण्यांत ते प्रचंड मात्रेत असतं आणि बाकीचे जवळपास स्वच्छ असतात. सुरकुतलेले, काळपट, किडके, पोपटी-हिरवट बुरशी दिसणारे, फुटून आत पिवळे पडलेले दाणे काढून टाकले की विषाचा मोठा वाटा त्यांच्याबरोबर जातो. भाजून साल काढल्यावर दाणे पुन्हा एकदा पाहावेत, कारण डाग तेव्हा नीट दिसतो. काढलेले दाणे मात्र गाई-म्हशींना घालू नयेत. त्यातलं विष रूप बदलून दुधात उतरतं आणि त्याच घरातल्या मुलांच्या पेल्यात परत येतं.

वास नसलेला आणखी एक शत्रू म्हणजे साल्मोनेला. कोरड्या, तेलकट पदार्थात हा जिवाणू वाढत नाही, पण महिनोनमहिने जिवंत राहतो. तेल त्याला जठरातल्या आम्लापासून जपतं, त्यामुळे थोडे जिवाणूही आजार घडवायला पुरतात. २००८-०९ मध्ये अमेरिकेत पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या मालामुळे ४६ राज्यांत ७१४ जण आजारी पडल्याची नोंद झाली आणि नऊ मृत्यूंचा त्याच्याशी संबंध जोडला गेला. कंपनीच्या प्रमुखाला २०१५ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. भट्टीत साल्मोनेला मरतो, हे खरं. पण तिथल्या कारखान्यात भाजल्यानंतरच्या मालाला गळक्या छपराचा आणि कच्च्या मालाचा संसर्ग पोचण्याची वाट मोकळी होती. आपल्या चटणीला हा धडा जसाच्या तसा लागू आहे. दाणे भाजले जातात; लसूण, तिखट आणि कुटणाऱ्याचे हात मात्र भाजल्यानंतर येतात, आणि पुढे कुठलाही शिजवण्याचा टप्पा नसतो. कच्चे आणि भाजलेले दाणे एकाच परातीत, एकाच सुपात घेतले तर भट्टीचं काम फुकट जातं. नंतर चटणी गरम करूनही भागत नाही. पीनट बटरवर झालेल्या प्रयोगात ९० अंशांवर ५० मिनिटं तापवल्यावरही काही साल्मोनेला तग धरून राहिलेले दिसले, कारण ओलाव्याशिवायची उष्णता त्यांना पुरेशी मारत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आजी-पणजी हीच चटणी करत होत्या, वर्षभर शेंगा ठेवत होत्या, कुणाला काय झालं? यातला अर्धा भाग खरा आहे आणि तो विज्ञानाच्या बाजूचाच आहे. त्या वर्षभर शेंगा ठेवत, चटणी नव्हे. शेंगा कडकडीत उन्हात वाळवत, लागतील तशा फोडत, सुपात पाखडून-निवडून घेत, आठवड्याची चटणी कुटत. साठवणीचा जो क्रम वर सांगितला तो त्यांच्या घरात आपोआप पाळला जात होता. आज क्रम उलटा झाला आहे. आपण सोललेला, कधी भाजलेला दाणा विकत आणतो, चटणी महिन्या-दोन महिन्यांची घेतो आणि निवडणं यंत्रावर किंवा देवावर सोपवतो. जुन्या रीतीचा दाखला देऊन नव्या रीतीला निर्धोक ठरवता येत नाही. आक्षेपाचा उरलेला भाग चुकीचा आहे. वीस-तीस वर्षांनी होणाऱ्या यकृताच्या आजाराचा संबंध कुठल्या सालच्या दाण्यांशी होता, हे कोणत्याही घराला दिसणं शक्य नव्हतं. कुणाला काही झालं नाही असं म्हणायला आधी ते कळायला तरी हवं.

दुसरा आक्षेप उपायांचा. दाणे भाजतोच की, मग बुरशी मरते. बुरशी मरते, विष उरतं. अफ्लाटॉक्सिन पूर्ण विघटित व्हायला सुमारे २५० अंशांच्या पुढचं तापमान लागतं आणि दाणे भाजले जातात १५०-१७० अंशांच्या घरात. त्यात विष काही प्रमाणात कमी होतं, संपत नाही. लसूण आणि तिखट जंतुनाशक आहेत, असंही सांगितलं जातं. प्रयोगशाळेत त्यांचा परिणाम दिसतो, पण लसणातलं प्रभावी द्रव्य कुटल्यावर लवकर विघटित होतं आणि आधीच तयार झालेल्या विषावर त्याचा काही इलाज चालत नाही. शीतकपाट खवटपणा चांगलाच लांबवतं, पण थंड बरणी दमट हवेत उघडली की तिच्यात दव जमतं आणि चटणीला पाणी मिळतं. म्हणून बरणी बाहेर काढून साधारण तापमानाला आल्यावरच उघडावी, किंवा त्याहून सोपं म्हणजे लहान लहान बरण्या कराव्यात आणि एकेक काढावी. परिरक्षक द्रव्यं तेलाचं रक्षण करतात, खाणाऱ्याचं नव्हे. हे सगळे उपाय आपापल्या जागी उपयोगी आहेत. चूक एवढीच की चवीसाठी असलेला उपाय आपण सुरक्षिततेच्या खात्यात जमा करतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ताटात चमचाभर चटणी, तिच्यासाठी इतका बाऊ कशाला? आणि हे सगळं सांगून घरी चटणी कुटून पोट भरणाऱ्या बायकांच्या धंद्यावर गदा कशाला आणायची? चमचाभराचा युक्तिवाद सोलापुरापुरता किंवा चटणीपुरता खरा ठरेलही. पण महाराष्ट्रात दाण्याचं कूट खिचडीत, कोशिंबिरीत, भाज्यांत, भरल्या वांग्यांत, लाडवात, आणि उपासाच्या दिवशी तर ताटभर असतं. शिवाय तेच विष मक्यातून आणि दुधातूनही येऊ शकतं. हिशेब चमच्याचा करायचा नसतो, आयुष्यभराच्या बेरजेचा करायचा असतो. तरीही शेंगदाणा टाळा, असा याचा अर्थ मुळीच नाही. स्वस्तात मिळणारं इतकं सकस दुसरं खाणं शोधावं लागेल. छोट्या उत्पादकांबद्दल म्हणाल तर त्यांची बाजू उलट भक्कम होते. सुरक्षिततेसाठी महागडी यंत्रसामग्री लागत असती तर मोठे कारखानेच जिंकले असते. इथे लागतो तो वाळलेला माल, चांगला उजेड, निवडणारे सराईत हात, कच्च्या-भाजक्याची वेगळी भांडी आणि थोडा थोडा, ताजा माल. या गोष्टी बचत गटाला कारखान्याइतक्याच जमतात, बऱ्याचदा जास्त चांगल्या.

मग घरात नेमकं काय करावं? शक्य तिथे शेंगा किंवा अख्खे कच्चे दाणे घ्यावेत, हाताने निवडावेत, लागतील तेवढेच भाजावेत. महिन्याच्या पुढची बेगमी असेल तर कच्चे दाणे हवाबंद करून शीतकपाटात ठेवावेत. चटणी काचेच्या किंवा स्टीलच्या कोरड्या बरणीत काठोकाठ दाबून भरावी, म्हणजे आत हवा कमी राहते. तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये, कारण तांबं खवटपणाला वेग देतं. पारदर्शक बरणी उजेडात नको, चमचा ओला नको, गॅसशेजारची फळी नको. सावध अंदाज द्यायचा तर वैशाखात बाहेर दोन ते तीन आठवडे, हिवाळ्यात महिनाभर आणि शीतकपाटात दोन महिने, याहून अधिक अपेक्षा लसणाच्या घरगुती चटणीकडून करू नये. खवट झाली तर टाकावी. ती लगेच विषबाधा करणार नाही, पण खाण्यासारखीही उरलेली नसते. बुरशीचा ठिपका दिसला तर वरचा थर काढून खालची वाचवू नये, सगळी टाकावी.

राहिला प्रश्न विकत घेतलेल्या पुडक्याचा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार बंद पाकिटावर तयार केल्याची किंवा भरल्याची तारीख आणि वापरण्याची अंतिम मुदत छापणं सक्तीचं आहे. ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’ हे लिहिणं ऐच्छिक. सुटी, वजनावर विकलेली चटणी या चौकटीच्या बाहेर राहते, आणि बंद पाकिटावरचीही तारीख चटणी कधी भरली ते सांगू शकते, दाणे कधी भाजले-कुटले ते सांगेलच असं नाही. भरण्याआधी ती कुठल्या डब्यात किती दिवस होती, याची नोंद कुठेच नसते. ग्राहकाने ‘किती दिवस टिकेल?’ विचारणं सोडून ‘कधी कुटली?’ आणि ‘दाणे कोण निवडतं?’ हे विचारायला सुरुवात केली तर विक्रेत्यालाही उत्तर ठेवावं लागेल. सोलापूरच्या उत्पादकांनी एकत्र येऊन पाकिटावर कुटल्याची तारीख छापली आणि विकत घेतलेल्या दाण्यांच्या प्रत्येक खेपेची अफ्लाटॉक्सिन चाचणी सामाईक खर्चात करून घेतली, तर एकट्याला न परवडणारी गोष्ट सगळ्यांना परवडेल. परदेशी जाणाऱ्या शेंगदाण्याच्या खेपांची ही चाचणी आपण करतोच, कारण घेणारा ती मागतो. सोलापुरातल्या गिऱ्हाइकाने ती अजून मागितलेली नाही, एवढाच काय तो फरक.